थांबणारा खेळ

साल १९९०. कॅलिफोर्नियातल्या एका घरात, रात्री उशिरा, तुमचा हात माउसवर आहे. पडद्यावर बर्फाचा डोंगर. ‘किंग्ज क्वेस्ट’ मालिकेचा हा पाचवा भाग. राजा ग्रॅहम चालून चालून दमलाय, भुकेनं त्याच्या अंगात त्राण उरलेलं नाही, असं खेळच तुम्हाला सांगतो. जवळच्या सामानात खाण्यासारख्या दोन वस्तू आहेत: मेंढीची तंगडी आणि गावातल्या बेकरीतून चांदीचं नाणं देऊन घेतलेली कस्टर्ड पाई. तुम्ही पाई निवडता. राजा ती खातो. खेळ पुढे सरकतो, आणि काही बिघडलंय असं कुणी तुम्हाला सांगत नाही.

थोडं पुढे गेल्यावर हिममानव वाट अडवतो. त्याच्यापासून सुटण्याचा एकच मार्ग खेळ रचणाऱ्यांनी ठेवला आहे: ती पाई त्याच्या तोंडावर फेकायची. तुमच्याकडे पाई नाही. राजा मरतो. तुम्ही सेव्ह केलेला खेळ उघडता, राजा पुन्हा मरतो. त्याआधीचा सेव्ह उघडता, त्यातही पाई संपलेलीच. एकेक पायरी मागे जात तुम्हाला पार पाई खाण्याच्या अलीकडे जावं लागतं. तेवढा जुना सेव्ह ठेवला नसेल तर पहिल्या दृश्यापासून सुरुवात.

आणि ही एकच पाई नाही. गावातून जाताना एक मांजर उंदरामागे धावताना दिसलं होतं. डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोच ती दोघं पडद्याबाहेर गेली. त्या क्षणी तुम्ही मांजराला जुना बूट फेकून मारायला हवा होता. मारला नसेल, तर पुढे सराईच्या तळघरात तुम्हाला दोरीनं बांधून टाकलं जाईल तेव्हा ती दोरी कुरतडायला कुणी येणार नाही. तिथेच खेळ संपला. का संपला, हे तुम्हाला कळणारही नाही.

हा वाईट खेळ नव्हता. रॉबर्टा विल्यम्स यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेनं संगणकावर गोष्ट चालत-फिरत दाखवली, आणि पाचव्या भागातली चित्रं तर त्या काळी पाहत राहावीत अशी होती. लोकांनी त्याच्यावर मनापासून प्रेम केलं. पण खेळणाऱ्यानं सतत भीत राहावं, प्रत्येक वळणावर सेव्ह करावं, मरत मरत शिकावं, हे साहसखेळांत गृहीतच धरलेलं होतं. त्या रात्री तुम्ही संगणक बंद करता तेव्हा तुम्हाला राग हिममानवाचा येत नाही. आपल्याशी कुणीतरी दगाबाजी केली असं वाटत राहतं.

इथून एक वर्ष मागे या. १९८९. लुकासफिल्मच्या खेळ विभागात रॉन गिल्बर्ट नावाचा तरुण प्रोग्रॅमर एक लेख लिहितोय. साहसखेळ इतके वाईट का असतात, असा त्याचा सरळ प्रश्न. लेखाचा सूर चिडलेला आहे, पण बोट नेमक्या दुखण्यावर आहे. पुढं जायचं कसं हे कळण्यासाठी खेळणाऱ्याला मरावं लागू नये. एखादी वस्तू मागे राहिली म्हणून कित्येक तासांनंतर त्याचा रस्ता बंद होऊ नये. रचणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखायला लावणं म्हणजे कोडं नव्हे. हे लिहिण्याचा त्याला अधिकार आहे, कारण १९८७ मध्ये त्यानं स्वतः गॅरी विनिकबरोबर केलेल्या ‘मॅनिअॅक मॅन्शन’मध्ये पात्रं मरत होती आणि खेळणारा कायमचा अडकूही शकत होता. त्याच खेळासाठी घडवलेली ‘स्कम’ नावाची प्रणाली पुढे दहा वर्षं त्या कंपनीच्या साहसखेळांचा पाया राहिली. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागत नसत. पडद्याच्या तळाशी लिहिलेल्या क्रियापदांवर बोट ठेवायचं आणि वर चित्रातल्या वस्तूवर ठेवायचं, एवढंच.

१९९० मध्ये गिल्बर्टनं या तत्त्वांवर ‘मंकी आयलंड’चा पहिला भाग केला. तो देखणा आणि हसवणारा खेळ होता. पण मला तुम्हाला घेऊन जायचं आहे ते दुसऱ्या भागात. पहिल्या भागानं खेळणाऱ्याला त्रास देणं सोडलं. दुसऱ्यानं खेळणाऱ्याकडे कान दिला.

तर डिसेंबर १९९१. घर दुसरं आहे. टेबलावर ३८६ जातीचा संगणक घरघरतोय, काचेच्या जाड पडद्यावर हात फिरवला तर केस उभे राहतात. बाजूला एक चपटी काळपट पेटी आहे, रोलँड कंपनीची एमटी-३२. ती या घरात आहे हे तुमचं नशीब. बहुतेकांकडे ॲडलिब किंवा साउंड ब्लास्टरचं कार्ड असतं, त्यातून खेळण्यातल्या पेटीसारखा सूर येतो. अनेकांकडे तेही नसतं, संगणकाच्या पोटातला स्पीकर नुसता चिवचिवतो. शेजारचा मुलगा हाच खेळ अमिगा संगणकावर खेळणार आहे. त्याच्याकडे फ्लॉपी आहेत ११, आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना त्याला त्या काढत-घालत बसावं लागणार आहे.

खोक्यातून फ्लॉप्यांबरोबर पुठ्ठ्याची एक दुहेरी चकती निघते. खेळ सुरू होताना तुम्हाला जादूटोण्याच्या एका मिश्रणाबद्दल विचारतो. चकती फिरवून, खिडकीत दिसणारा आकडा टाइप केला तरच दार उघडतं. चोरून नक्कल करणाऱ्यांना अडवायची ही त्या काळची युक्ती. मग खेळ आणखी एक प्रश्न विचारतो: पूर्ण कोडी हवीत की सोपी आवृत्ती? सोप्या आवृत्तीत अर्धीअधिक कोडी आधीच सुटलेली असतात आणि तुम्ही गोष्ट ऐकत पुढे जाता. आज ‘फक्त गोष्ट’ अशी पातळी बऱ्याच मोठ्या खेळांत सापडते. १९९१ मध्ये असा पर्याय देणं म्हणजे, कमी वेळ असलेला माणूससुद्धा आमच्या बेटावर यावा, असं म्हणणं होतं.

पहिलंच दृश्य: तुम्ही एका खड्ड्यावर दोरीला लटकलेले आहात. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात पेटी. तुमचं नाव गायब्रश थ्रीपवुड. दाढी वाढली आहे, अंगात निळा लांब कोट आहे. वरून दुसऱ्या दोरीनं एलेन मार्ली खाली येते आणि विचारते, हे झालं कसं? मग तुम्ही सांगायला लागता. पुढचा जवळजवळ सगळा खेळ म्हणजे तुम्ही तिला सांगितलेली हकिकत आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हकिकत सुरू होते स्कॅब बेटावर. गावात शिरताना पुलावर लार्गो नावाचा गुंड तुम्हाला उलटं धरतो, झटकतो, आणि खिशातलं सगळं सोनं काढून घेतो. रिकाम्या खिशानं तुम्ही वुडटिक गावात येता.

इथे जरा थांबा. मोडलेली जहाजं एकमेकांना दोरखंडांनी बांधून हे गाव वसवलं आहे. जहाजाचं एकेक धूड म्हणजे एकेक घर: एकात दारूचा गुत्ता, एकात सराय, एकात लाँड्री, एकात सुताराचं दुकान, एकात नकाशे काढणारा वॉली. मधे लाकडी फळ्यांची वाट. आकाश जांभळट, खिडक्यांत पिवळा उजेड. हे चित्र आधी कागदावर रंगवून मग स्कॅन केलेलं आहे. पीटर चॅन, स्टीव्ह परसेल यांच्या हातचं हे काम. ३२० बाय २०० ठिपके आणि २५६ रंग, एवढ्यात त्यांना रात्र उभी करायची होती, आणि ब्रशाचे फटकारे त्या ठिपक्यांतूनही कळतात.

पण चित्र बघत असताना तुमच्या कानावर एक चाल पडतेय. कॅरिबियन ठेक्याची, डुलणारी. तुम्ही फळ्यांवरून चालता आणि सुताराच्या दारात क्लिक करता. गायब्रश आत जातो. त्या काळच्या बहुतेक खेळांत या क्षणी गाणं तुटलं असतं: बाहेरची चाल कापली, आतली सुरू. इथे तसं होत नाही. बाहेरची चाल आपलं चालू वाक्य पुरं करते. मग एक छोटासा तुकडा येतो, दोन चालींना जोडणारा, आणि त्याच ठेक्यावर सुताराच्या दुकानाची स्वतःची सुरावट उमटते. बाहेर आलात की ती सुरावट आपला शेवटचा स्वर ठेवून बाजूला होते आणि गावाची चाल, जिथे यायला हवी तिथेच, परत येते. लाँड्रीत जा, तिची वेगळी सुरावट. वॉलीकडे जा, त्याची वेगळी. ठेका मात्र एकदाही चुकत नाही.

तुम्ही पुन्हा आत जाता. पुन्हा बाहेर येता. कोडं बाजूला राहिलंय, लार्गो बाजूला राहिलाय. तुम्हाला हे संगीत पकडायचं आहे. मुद्दाम चालीच्या मध्यावर दार उघडता, मग सुरुवातीला उघडता, मग अगदी शेवटच्या मात्रेला. प्रत्येक वेळी ते तुमच्या पावलाशी जमवून घेतं.

आता काही महिने मागे, सॅन रफाएलमधल्या लुकासआर्ट्सच्या, म्हणजे लुकासफिल्मच्या त्याच खेळ विभागाच्या, एका खोलीत या. कीबोर्ड, वायरी, पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या ओळी. मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल काम करताहेत. दोघं संगीतकारही आहेत आणि प्रोग्रॅमरही. पहिल्या भागाचं संगीत लँडनंच केलं होतं आणि त्यात त्याला एक गोष्ट खटकत राहिली होती: खेळणारा केव्हा कुठे जाईल हे संगीताला ठाऊक नसतं, म्हणून ते दरवेळी अर्ध्यात मोडतं. सिनेमाच्या संगीतकाराला दृश्य किती सेकंदांचं आहे ते माहीत असतं. खेळाच्या संगीतकाराला ते कधीच माहीत नसतं, कारण दृश्य किती वेळ चालणार हे तुम्ही ठरवता.

त्यांनी बनवलेल्या प्रणालीचं नाव आयम्यूझ. तिचं मर्म समजायला फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. त्या काळच्या खेळात रेकॉर्ड केलेला आवाज नसायचा, मिडी असायचं: कुठला स्वर, कुठलं वाद्य, किती जोरात, किती वेळ, अशा सूचनांची यादी. वाजवायचं काम साउंड कार्डाचं किंवा त्या एमटी-३२ पेटीचं. सूचनांची यादी असल्यामुळे तिच्यात खुणा पेरता येतात. इथून उडी मारता येईल, इथे नाही. इथे हे वाद्य बंद करता येईल, इथे दुसरं सुरू. तुम्ही दार उघडलंत की खेळ आयम्यूझला निरोप देतो. आयम्यूझ लगेच उडी मारत नाही. पुढची खूण येईपर्यंत वाजवत राहतं, मग त्या खुणेसाठी रचलेल्या जोडतुकड्यावर जातं, आणि तिथून नव्या चालीवर.

मराठी कानाला हे ओळखीचं वाटेल. संगीत नाटकात ऑर्गनवाला असाच बसलेला असतो. नटाचं गद्य किती लांबेल त्याला माहीत नसतं, टाळ्या किती वेळ पडतील माहीत नसतं. तो स्वर धरून ठेवतो, नटाकडे डोळा ठेवतो, आणि पदाचा पहिला शब्द येताच त्याच्याबरोबर निघतो. लँड आणि मॅककॉनेल यांनी ती नजर यंत्राला दिली.

मला या कामातला कष्टाचा भाग सारखा आठवतो. यंत्र थांबायला शिकलं, पण थांबून वाजवायचं काय, ते कुणीतरी रचावं लागतंच. या खुणेवरून त्या दुकानात, त्या खुणेवरून परत गावात: प्रत्येक वाटेसाठी एक तुकडा. दोन-तीन सेकंदांचा. बहुतेक खेळणाऱ्यांच्या कानावर त्यातले काही तुकडे आयुष्यात एकदा पडणार आणि बरेचसे कधीच पडणार नाहीत. तरीही ते सगळे रचले गेले. लँड, मॅककॉनेल आणि त्यांच्याबरोबर आलेला क्लिंट बजाकियन या तिघांनी मिळून ते केलं. या पद्धतीला १९९४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं.

बदलतं संगीत या खेळानं शोधलं, असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये १९९० सालीच मारिओ योशीच्या पाठीवर बसला की चालीत तालवाद्यांची भर पडत होती. ‘विंग कमांडर’चं संगीत लढाईप्रमाणे बदलत होतं. वुडटिकमध्ये नवं होतं ते बदलातलं संगीतपण. बदल झाला हे ऐकणाऱ्याला खटकत नव्हतं, उलट तो बदल हाच गाण्याचा सर्वांत सुंदर भाग झाला होता.

चला, पुढे. दलदलीतल्या जादूगारणीला भेटायला तुम्ही शवपेटीची होडी करून जाता. लार्गोचा बाहुला बनवता. त्याला लागणाऱ्या चार वस्तू गोळा करणं हा अख्खा पहिला अध्याय आहे, आणि त्यात तुम्हाला या खेळाचे नियम हळूहळू उमगतात. वस्तू हरवत नाही. चुकीचं उत्तर दिलं तर समोरचा माणूस टोमणा मारतो आणि तुम्ही पुन्हा विचारू शकता. पहिल्या भागात पडद्याखाली बारा क्रियापदं होती, इथे नऊ उरली आहेत. जे लागत नाही ते काढून टाकलंय.

दुसऱ्या अध्यायात नकाशाचे चार तुकडे शोधायचे आहेत, आणि तुमच्यासमोर एकदम तीन बेटं उघडतात: स्कॅब, फॅट, बूटी. कॅप्टन ड्रेडच्या जहाजातून हवं तिथे जा. फॅट बेटावरच्या वाचनालयात खरोखरची कार्ड-यादी आहे, खणामागून खण उघडत बसा. बूटी बेटावर थुंकण्याची स्पर्धा आहे. एका तुकड्यापाशी अडलात तर दुसऱ्याच्या मागे लागा, एका बेटावरची वस्तू दुसऱ्या बेटावरच्या कोड्याची किल्ली निघते. गिल्बर्ट आणि त्याचे सहकारी टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन कोड्यांचं असं जाळं कागदावर काढून बघत: कुठलं कोडं कुठल्यावर अवलंबून, कुठे वाट अरुंद होते, कुठे फाटे फुटतात. खेळणाऱ्यापुढे नेहमी चार-दोन वाटा मोकळ्या असाव्यात, ही त्यामागची धडपड. शेफर आणि ग्रॉसमन यांनी हेच तंत्र १९९३ मध्ये ‘डे ऑफ द टेंटॅकल’मध्ये तीन वेगवेगळ्या काळांवर पसरवलं, आणि माझ्या मते साहसखेळांची कोडी त्याहून सफाईनं कधी विणली गेलेली नाहीत.

सगळी कोडी न्याय्य आहेत असं मात्र नाही. एक धबधबा बंद करायला तुम्हाला गुत्त्यातलं पियानो वाजवणारं माकड लागतं. त्याला संमोहित करून ताठ करायचं आणि पंपाचा नट त्याच्यानं पिळायचा. अमेरिकेत प्लंबरच्या एका पान्ह्याला माकडाचं नाव आहे हे माहीत असेल तरच हे सुचतं. इंग्लंडमधले खेळणारेसुद्धा तिथे आठवडेच्या आठवडे अडून बसले. तुम्हीही बसणार. पण लक्षात घ्या, तुम्ही अडकला आहात, मेला नाहीत. माकड तिथेच वाजवत राहतं.

आता अंधार. तुम्ही लचक या मेलेल्या चाच्याच्या किल्ल्यात आहात. इथवर पोचलात ते एका स्वप्नामुळे: स्वप्नात तुमचे आईवडील सांगाडे होऊन नाचले होते, कुठलं हाड कुठल्या हाडाला जोडलंय याचं गाणं गात. त्या गाण्यातल्या हाडांच्या क्रमानं किल्ल्याची दारं ओळखायची. पण लचकनं तुम्हाला पकडलंय. वॉली आणि तुम्ही आम्लाच्या हौदावर टांगलेले आहात, एक किचकट यंत्र सुरू झालंय, आणि मेणबत्ती जळतेय. तुम्हाला काय करायचं ते सुचत नाही. वेळ संपतो. तुम्ही दोघं हौदात पडता.

तुमच्या मनात १९९० चा तो हिममानव उभा राहतो. बोटं आपोआप जुना सेव्ह उघडायला जातात.

आणि पडद्यावर एकदम तो खड्डा, ती दोरी, ती एलेन. ती तुम्हाला अडवते: असं कसं होईल? तू मेला असतास तर इथे लटकून मला ही हकिकत सांगत कसा असतास? गायब्रश कबूल करतो की सांगताना चुकलं. हकिकत जरा मागून पुन्हा सुरू होते, यंत्र पुन्हा सुरू होतं, आणि या वेळी तुम्ही ती मेणबत्ती विझवण्याचा विचार करता.

एवढी उमदी युक्ती मी फार कमी खेळांत पाहिली आहे. मृत्यू आहे, भीती आहे, पण शिक्षा नाही, कारण गोष्ट सांगणारा जिवंत आहे हे तुम्हाला पहिल्याच दृश्यात दाखवलं होतं. इथून थेट २००३ मध्ये या. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ज्यांनी सर बाहेर गेल्यावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ लावला, त्यांना त्याचा कर्ता जॉर्डन मेकनर ठाऊक असेल किंवा नसेल, खिळ्यांवर पडून मेलेला राजपुत्र नक्की आठवत असेल. त्याच मेकनरनं लिहिलेल्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये राजपुत्र स्वतःची हकिकत सांगतोय. तुम्ही कड्यावरून पडलात की त्याचा आवाज येतो, नाही, असं घडलं नव्हतं, आणि खेळ तुम्हाला मागे नेतो. मेकनरच्या डोळ्यांपुढे ‘मंकी आयलंड’ होतं की नाही, यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की बारा वर्षांत हा विचार साहसखेळाच्या कुंपणाबाहेर उडी मारून उड्या मारणाऱ्या खेळांपर्यंत पोचला होता.

परत १९९१. चौथा अध्याय, डिंकी बेट. घनदाट जंगल, आणि जंगलात टेलिफोन. तुम्ही उचलता, आणि पलीकडे लुकासआर्ट्सची मदत-वाहिनी. पडद्याबाहेरही त्या काळी अशीच वाहिनी होती. अडलेली मुलं फोन लावत, दर मिनिटाला पैसे पडत, आणि महिन्याअखेरीला बिल बघून आईबाप ओरडत. तुम्हाला २०२० च्या दशकातून आल्यामुळे हे विचित्र वाटतंय. आज उत्तर हाताशी असतं. पण तेव्हा अडकणं म्हणजे खरंच अडकणं होतं: शाळेत, रस्त्यावर, अंथरुणात तुम्ही त्याच कोड्यावर विचार करत राहायचात. तीस वर्षांनी आलेल्या नव्या भागात गायब्रशच्या खिशातच सूचनांचं पुस्तक आहे. ते विचाराल तेवढंच सांगतं, आणि एका वेळी एकच पायरी.

शेवट मी फोडणार नाही, पण इतकं सांगतो की तो बघून तुम्ही खुर्चीत ताठ बसाल. चाचे, बेटं, जादूटोणा हे सगळं एका क्षणात भलतंच काहीतरी ठरतं, आणि खेळ काहीही समजावून न सांगता संपतो. खेळणाऱ्यांच्या एका पिढीला त्या शेवटानं अस्वस्थ केलं. कुणाला फसवल्यासारखं वाटलं, कुणाला तो आजवरचा सर्वांत धाडसी शेवट वाटला. मी दुसऱ्या बाजूचा आहे. १९९२ मध्ये गिल्बर्ट कंपनी सोडून गेला. शेली डेबरोबर त्यानं ह्युमंगस एंटरटेनमेंट काढली आणि लहान मुलांसाठी साहसखेळ केले, ‘पट-पट’ नावाच्या जांभळ्या गाडीचे. चार-पाच वर्षांच्या मुलाला खेळात मरू द्यायचं नसतं, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नसणार. ‘मंकी आयलंड’चे पुढचे भाग इतरांनी केले. १९९७ चा तिसरा भाग तर देखणा उतरला. मूळ गोष्ट मात्र तिथेच, त्या शेवटावर थांबून राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘रिटर्न टु मंकी आयलंड’ आला तो गिल्बर्ट आणि ग्रॉसमन यांचा, संगीत पुन्हा लँड, मॅककॉनेल, बजाकियन यांचं, आणि त्याची सुरुवात होते दुसऱ्या भागाच्या शेवटच्या दृश्यातूनच.

मधल्या तीस वर्षांतून झरझर जाऊ. २००४: लुकासआर्ट्समधून बाहेर पडलेले लोक टेलटेल ही कंपनी काढतात, आणि २०१२ मध्ये त्यांचा ‘वॉकिंग डेड’ कोडी जवळपास गाळून फक्त संवाद आणि निवडी ठेवतो. त्याच वर्षी शेफरच्या डबल फाइन कंपनीला जुन्या धाटणीच्या साहसखेळासाठी लोक तीस लाख डॉलरहून अधिक वर्गणी देतात. २०१७: गिल्बर्ट आणि विनिक पुन्हा नऊ क्रियापदांचा ‘थिंबलवीड पार्क’ घेऊन येतात. २०२३: ‘सी ऑफ थीव्ज’ या ऑनलाइन चाचेगिरीच्या खेळात मंकी बेटच नांगर टाकतं.

संगीताच्या वाटेवर मात्र जरा रेंगाळायला हवं, कारण ती सरळ नाही. १९९३ मध्ये ‘एक्स-विंग’ या अंतराळ-लढाईच्या खेळात तुम्ही बसा: शत्रूचं विमान आलं की आयम्यूझ त्याची धून तुमच्या चालू संगीतात ओवतं. मग सीडी आली. सीडीवर खऱ्या वाद्यांचं रेकॉर्डिंग मावतं, आवाज भरदार होतो, सगळे खूश. पण रेकॉर्ड केलेल्या आवाजात खुणा पेरून वाद्यं सुटी करता येत नाहीत, निदान त्या यंत्रांवर सहज येत नव्हती. बऱ्याच खेळांत संगीत गोड झालं आणि बहिरं झालं. एक चाल विरते, दुसरी चढते, बस. मला हा काळ खेळांच्या इतिहासातला मोठा तोटा वाटतो.

जपानी यंत्रांवर मात्र ती कल्पना जिवंत राहिली. १९९८ च्या ‘बँजो-कझूई’मध्ये पाण्यात बुडी मारा: चाल तीच, वाद्यं बदललेली. मग यंत्रं वेगवान झाली, रेकॉर्डिंगचे अनेक थर एकाच वेळी चालवता येऊ लागले. २०१० च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’मध्ये घोड्यावरून निवांत जाताना एखादं वाद्य, गोळीबार सुरू झाला की खालून ढोल. २०१७ च्या ‘नियर ऑटोमाटा’मध्ये एकाच गाण्याचे शांत, मध्यम, भरघोस असे थर, आणि गायिकेचा आवाज नेमक्या वेळी वर येतो. आज एफमॉड, वाइज अशी तयार साधनं आहेत. एखाद्या छोट्या गटातली मुलगी लॅपटॉपवर खुणा पेरते, जोडतुकडे लिहिते, दार उघडल्यावर काय व्हावं ते ठरवते. तिच्या पडद्यावरच्या रंगीत पट्ट्या बघा: पुढची खूण येईपर्यंत थांब, मग जोडतुकडा, मग नवी चाल. सॅन रफाएलच्या त्या खोलीतले दोघं हा आराखडा बघताक्षणी ओळखतील.

तुम्ही आता आजच्या तारखेत आहात. हा प्रवास स्वतः करायचा असेल तर तो अवघड नाही. २०१० ची नव्यानं रंगवलेली आवृत्ती विकत मिळते आणि एका बटणानं ती जुन्या चित्रांवर जाते. मूळ फाइल हाती असतील तर २००१ पासून हौशी प्रोग्रॅमरांनी जिवापाड जपलेला स्कमव्हीएम हा प्रोग्रॅम त्या मोबाइलवरसुद्धा चालवतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये, जमल्यास, ॲडलिबऐवजी एमटी-३२ निवडा. वुडटिकला पोचलात की लार्गोला हरवायची घाई करू नका. आधी सुताराकडे जा आणि बाहेर या. लाँड्रीत जा आणि बाहेर या. मग वॉलीचं दार चालीच्या अगदी मधोमध, मुद्दाम भलत्या मात्रेवर उघडा.